बिनफटीची खोली

गंगापूर रोड, नाशिक
३ नोव्हेंबर २००३

विहीणबाई चतुराबाईंना पुतळाबाईचा नमस्कार.

फोन करायचा सोडून आंतर्देशीय लिहिते, कारण फोन आमच्या हॉलमध्ये आणि हॉलमध्ये सगळ्यांचे कान. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर लागलं नाही तर लेकाकडून, वाल्मीककडून वाचून घ्या. नाही, नकोच. तुम्हीच वाचा.

योगिनी काल सुखरूप पोचली. दिवाळीला तुमच्याकडे राहून सूनबाईच्या तोंडावर तेज आलंय. तुम्ही दिलेले करंज्यांचे दोन डबे मिळाले. खोबरं जरा भाजलेलं वाटलं, पण चव चांगली.

आता खरी गोष्ट. ती निफाडला होती तेवढ्यात धनराजनं घराच्या सगळ्या खिडक्या बदलल्या! तुमचे जावई एकलहऱ्याला वीज तयार करतात आणि घरात एक दिवा जास्त लागला की माझ्यावर ओरडतात. म्हणतो, आई, घरातली ऊब म्हणजे वीजच, ती फटीतून बाहेर का सोडायची? तर विहीणबाई, एका तावदानाला दोन-दोन काचा. मधे पोकळी, तिच्यात नुसती कोरडी हवा कोंडलेली. चौकटी पांढऱ्याशुभ्र, लाकूड नाही, लोखंड नाही, फुगायचं नाही की गंजायचं नाही. कडेनं रबर. दांडी फिरवली की खिडकी अशी गच्च बसते की बाहेरची मोटारसायकल मुकी होते. दारालासुद्धा खालून रबराची पट्टी. मी तर दिवसातून दहा वेळा उघडते आणि लावते. शेजारच्या आल्या, त्यांनाही उघडायला लावते.

पूर्वेची खोली मी बाळंतिणीसाठी ठेवली आहे. म्हणून लिहिते, राग मानू नका. जानेवारीत तुमच्या निफाडची थंडी म्हणजे द्राक्षाच्या पानावर बर्फ. वाल्मीकचं लग्न व्हायचंय, घरात दुसरी बाई नाही, तुम्हाला एकटीला सगळं पडेल. बाळंतपण इथेच झालं तर? तुम्ही येऊन राहा की. शेक-शेगडी आपण दोघी मिळून करू.

मला दोन दिवस डोकं धरलं होतं, पित्ताचं. आता बरी आहे.

तुमची
पुतळाबाई


निफाड
८ नोव्हेंबर

पुतळाबाई विहीणबाईंना चतुराबाईचा नमस्कार.

पत्र पावलं. मी तिसरीत शाळा सोडली तरी तुमचं अक्षर लागलं. तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना दूध उतू गेलं, पण आनंदानं गेलं असं समजा.

खिडक्या झाल्या, लय चांगलं झालं. दोन काचा का? असू द्यात. माणसाच्या नशिबात असतात. आमचे जावई एकलहऱ्याला वीज करतात आणि त्यांच्या सासूच्या घरी रोज सहा तास लाइट नसते, हे मी कुणाला सांगत नाही, तुम्हीही सांगू नका.

पण विहीणबाई, पहिलं बाळंतपण माहेरी. माझं माहेरी झालं, तुमचं माहेरी झालं. मला तर एकच लेक. तिचे वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची. तेव्हापासून मनाशी धरून आहे की हिचं पहिलं बाळ मी माझ्या हातानं न्हाऊ घालणार. ते तुम्ही दोन काचांसाठी मागताय. दोन काचांसाठी!

आणि माझी लेक मला माहीत. कानाची लय तिखट. द्राक्षाच्या बागेत पाखरं हाकायला कुणी डबा वाजवला की घरात झोपेतून उठून बसायची. अजून तशीच. आवाज नको म्हणता तर इथे काय मोटारसायकलींची जत्रा आहे? इथे पाखरंच.

थंडी आहे, ते खरं. मागच्या खोलीच्या खिडकीतून वारं येतं, तेही खरं. काल मी उदबत्ती लावून खिडकीच्या कडेनं फिरवली. धूर कुठे आडवा पळतो ते बघितलं. सगळीकडेच पळाला, मेला.

म्हणून येत्या गुरुवारी वाल्मीकला तुमच्याकडे पाठवते. नवीन बाजरीचं पीठ द्यायला. बाकी काही काम नाही.

खोबरं भाजलेलंच असतं करंजीत.

चतुराबाई


गंगापूर रोड
१९ नोव्हेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

वाल्मीक येऊन गेला. पीठ पोचलं. पीठ द्यायला आलेला माणूस टॉवेलनं खिडकी मापतो, हे मी पहिल्यांदा बघितलं. दोन टॉवेल आणि वर एक वीत, असं पुटपुटत होता. मी म्हटलं, "अरे, टेप देऊ का?" तर लाजून म्हणतो, "नाय मावशी, सहज."

मग मीच हौसेनं दाखवलं. त्याला पूर्वेच्या खोलीत बसवलं, खिडकी-दार लावलं आणि बागेत जाऊन पितळेची थाळी लाटण्यानं वाजवली. दाणदाण. शेजारचे बाहेर आले, कुणाकडे मुलगा झाला म्हणून. वाल्मीक आत आपला पंख्याकडे बघत बसलेला. त्याला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही! बाहेर येऊन म्हणाला, "मावशी, वाजवा ना आता." हसून हसून माझा पदर पडला.

एक गोष्ट तुम्हाला तो सांगेलच, म्हणून मीच सांगते. पूर्वेच्या खिडकीवर धनराजनं बोटभर रुंदीची झडप बसवून घेतली आहे, कायम उघडी राहील अशी. आता ती कशाला ते मला विचारू नका. इंजिनियर लोकांचं डोकं. थाळीच्या वेळी मीच तिच्यात फडकं कोंबलं होतं, आवाज आत जाऊ नये म्हणून.

आणि शेगडीचं मी तेव्हा लिहिलं होतं, पण आता मनातून काढलंय. जुनी पद्धत झाली ती. विजेचा हीटर लावू.

योगिनीला अजून मी बाळंतपणाचं विचारलेलं नाही. तिच्यावर सोडू या. जिथे खोली उबदार, तिथे ती राहील. हे तुम्हालाही पटेल.

तुमची
पुतळाबाई


निफाड
५ डिसेंबर

पुतळाबाई विहीणबाईंना नमस्कार.

उशीर झाला, कारण हात चुन्यानं भरलेले होते. तुम्ही म्हणालात तेच, जिथे खोली उबदार तिथे ती राहील. मला पटलं. खोली करून टाकली.

आमच्या गल्लीत पुंजा सुतार आहे. वाल्मीकचा टॉवेल घेऊन त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "आज्जे, तसली पांढरी चौकट आपल्याकडं मिळायची नाय. पण दोन काचाच पायजेल ना? सागवानी चौकट तुही इतकी रुंद हे की तिच्यात दोन खिडक्या बसत्याल. एक आतून, एक बाहेरून." आणि बसवल्या की! मधे चार बोटं जागा. तुमच्या काचांमधे बोट तरी जातं का? कडेनं रबर हवं होतं तर वाल्मीकच्या सायकलीच्या जुन्या ट्यूबा कापून पट्ट्या ठोकल्या. चौकट आणि भिंत यांच्यामधली फट काथ्या कोंबून चुन्यानं भरली. ती मी भरली, पुंजानं नाही. दाराच्या खाली लावायला गोणपाटाची लांब उशी शिवली, आत बाजरीचा भुसा. दार लावलं की पायानं सरकवायची.

खिडकीच्या वर झरोका होता, यांच्या वडिलांच्या वेळचा. चिमण्या त्यात घरटं करायच्या, काड्या खाली पडायच्या. तो विटा लावून बुजवून टाकला.

मग उदबत्ती लावली. विहीणबाई, धूर काठीसारखा सरळ वर गेला. हलला नाही. मी आणि पुंजा दोघं बघत बसलो. पुंजा म्हणाला, "आज्जे, हिथं मुंगीचा श्वास बी बाहेर जायचा नाय."

वाल्मीकनं तुमच्या झडपेचं सांगितलं. मला हसू आलं, राग मानू नका. एवढी दोन काचांची भारी खिडकी करायची आणि वर भोक ठेवायचं! आमच्या पुंजानं एकसुद्धा भोक ठेवलं नाही.

हीटरचं तुमचं तुम्हाला लखलाभ. हीटरच्या शेकाला ओव्याचा वास येतो का? आमच्याकडे लाइट गेली तरी कोळसा जात नाही. माझ्या सासूची शेगडी घासून लाल केली आहे.

परवा योगिनी तपासणीला निफाडच्या डॉक्टरीणबाईंकडे आली होती. तिला खोलीत नेलं. "आई, इथे तर नाशिकपेक्षा गरम आहे," असं ती म्हणाली. मी म्हणायला लावलं नाही.

चतुराबाई


गंगापूर रोड
१४ डिसेंबर

विहीणबाई,

योगिनीनं काल बॅग भरली. नाव नोंदवायचं तेही निफाडच्या दवाखान्यात. मी अडवलं नाही. पूर्वेच्या खोलीत जाऊन खिडकी दोनदा उघडली आणि लावली. काय करणार दुसरं.

आजवर वाटायचं की ही खोली मी तिच्यासाठी केली. आता कळतंय, तुम्हाला दाखवण्यासाठी केली होती. तुम्हीही तेच केलंत, फक्त तुमची जिंकली. सायकलच्या ट्यूबा लावून जिंकली.

मेथीचे लाडू पाठवते आहे. डिंक मी स्वतः तळला आहे. तुमच्या लाडवांच्या आधी माझे द्या. एवढं तरी करा.

शेगडी जपून.

पुतळाबाई


निफाड
९ जानेवारी २००४

पुतळाबाई आजीबाईंना चतुराबाई आजीचा नमस्कार!

आता आपण दोघी आजी. तुम्ही दवाखान्यात येऊन नात बघून गेलात, तेव्हा बोलणं झालं नाही, कारण ती तुमच्याच मांडीवर होती आणि तुम्ही काही ती खाली ठेवली नाहीत. मी घड्याळाकडे बघत होते. असो. नाक तुमच्यावर आहे हे तुम्ही चारदा म्हणालात. रोज तेल लावून चोळते, सरळ होईल.

मंगळवारी पाचवी झाली. पाटा-वरवंटा पुजला. नवी साडी नेसून बसले होते मी, बाळंतीण असल्यासारखी. बायका म्हणाल्या, चतुराबाई, तुम्हीच बाळंत झाल्यासारख्या दिसता. होऊ द्या. पन्नास वर्षांत इतकी खुशी झाली नव्हती.

नवसाबाई रोज सकाळी येते, लेकीला आणि नातीला तेल-पाणी करते. मग बाजेखाली शेगडी, निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा. दार लावायचं, भुशाची उशी सरकवायची, दोघी झोपतात. बाहेर पाच-सहा अंशांवर गेलंय, बागेत शेकोट्या पेटवल्यात द्राक्षाला ऊब म्हणून, आणि माझी नात आत घामेजते. दोन दिवस योगिनी डोकं दुखतं म्हणते. बाळंतिणीचं दुखतंच. तुमचे लाडू आधी दिले, शब्द पाळला. त्यानंही दुखत असेल, मेथी जरा जास्त आहे.

उद्या शेजारच्या सिंधुबाईला खोली बघायला बोलावलं आहे. तिची सून जूनमध्ये. तुम्ही वाल्मीकला दाखवलं तसं मी तिला थाळी वाजवून दाखवणार. आत पाखरू झोपलेलं आणि बाहेर दाणदाण. जळेल ती.

पत्र बंद करते. नात कुरकुरली. माझा आवाज ओळखते.

चतुराबाई


गंगापूर रोड
१७ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार.

आठ दिवस तुमचं पत्र नाही. फोन केला तर वाल्मीक म्हणतो, "आई झोपली हे." सकाळी दहाला? दुपारी केला, तरी झोपलेल्या. धनराज गेल्या शनिवारी ड्यूटीवरून परस्पर निफाडला गेला, दोन दिवसांनी आला. त्याला विचारलं तर म्हणतो, "दोघी बऱ्या आहेत, आई. खिडकी फुटली." एवढंच. आणि माझ्याकडे असं बघतो की जणू मी फोडली.

मला वाटलंच होतं. सागवानाच्या चौकटीत दोन-दोन काचा, वर सायकलच्या ट्यूबा, ते टिकायचं नव्हतंच. बाळाला वारं लागलं ना? सर्दी झाली ना? मी नोव्हेंबरात सांगत होते. तेव्हा तुम्हाला माझी झडप हसायला झाली होती. आता तुमच्या खिडकीला केवढं भोक पडलंय, ते मोजा.

जास्त लिहीत नाही. पण नात माझीही आहे. मला कुणी काही सांगत नाही, हे बरं नाही.

पुतळाबाई


निफाड
२१ जानेवारी

विहीणबाई,

बाळाला वारं लागलं नाही. वारं मिळालं नाही.

लिहिते सगळं. अक्षर लागेल तसं वाचा.

दहा तारखेला सकाळी नवसाबाई तेल-पाणी करून गेली. मी शेगडीत निखारे जरा जास्तच घातले, सिंधुबाईला आत नेऊन ऊब दाखवायची होती म्हणून. दार लावलं. उशी सरकवली. तासाभरानं सिंधुबाई आली. आम्ही परसात गेलो, खिडकीबाहेर. काचेतून दिसत होतं, बाजेवर योगिनी कुशीवर, तिच्याजवळ दुपट्यात नात. मी म्हणलं, "सिंधुबाई, बघा आता." आणि थाळी वाजवली.

कुणी हललं नाही. सिंधुबाई म्हणाली, "अगं बाई, खरंच की! काय खोली केलीया चतुराबाई, माझी सून म्हनंल मला बी अशीच पायजे." मला काय ते सुख झालं. मी अजून जोरात वाजवली. खिडकीला लावून वाजवली. काच थरथरली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. विहीणबाई, काच थरथरली आणि माझी लेक हलली नाही. बागेच्या टोकाला डबा वाजला तर उठून बसणारी माझी लेक. दोन काचा काय, दोन भिंती असत्या तरी ती उठली असती. तिचा एक हात बाजेखाली लोंबत होता, शेगडीच्या अगदी जवळ, आणि ती तो ओढून घेत नव्हती.

परसात वरवंटा होता, पाचवीला पुजलेला, हळदकुंकू तसंच त्याच्यावर. तोच मारला. बाहेरची काच गेली, आतली गेली. बाज लांब होती, देवाची दया. सिंधुबाई घरातून पळत दाराकडे. आतून जी गरम वाफ तोंडावर आली, तिला ओव्याचा वास होता. नुसता ओव्याचा. दुसरा कसलाच नाही.

नातीला अंगणात आणलं. ओठ कसे होते ते मी लिहिणार नाही. तिच्या पायाला मी चिमटा काढला, पाठीवर थापटलं, नाव तर ठेवलेलं नाही, काय म्हणून हाक मारायची? मी नुसती "ए बाई, ए बाई" करत होते. किती वेळानं रडली ते मला माहीत नाही. रडली. वाल्मीक धावत आला, त्यानं आणि सिंधुबाईनं योगिनीला धरून बाहेर आणलं, तिला उलटी झाली, मग डोळे उघडले.

वाल्मीकनं द्राक्षाच्या पिकअपमधून दोघींना दवाखान्यात नेलं. तीन दिवस ठेवून घेतलं, नळीनं प्राणवायू दिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोळशाचा वायू आहे हा, त्याला वास नसतो, दिसत नाही. म्हणाल्या, "आजी, पूर्वी तुमच्या खिडक्यांना फटी होत्या म्हणून बाळंतिणी वाचायच्या. शेगडी तुम्ही ठेवलीत तीच, फटी तेवढ्या बुजवल्यात."

दोघी घरी आल्या आहेत, नात दूध पिते, रडते, सगळं करते. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं, धोका नाही म्हणाल्या. मीच बरी नाही. मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही. चुना लावलेली ती फट दिसली की माझीच बोटं तिच्यात दिसतात.

तुमचंच बरोबर होतं. नाशिकला ठेवली असती तर हे झालं नसतं. लिहा काय लिहायचं ते. ऐकून घेते.

चतुराबाई


गंगापूर रोड
२५ जानेवारी

चतुराबाई,

तुम्ही ऐकून घेऊ नका. तुम्ही बोला, मी ऐकते. आधी हे वाचा.

धनराज माझ्याकडे तसा का बघत होता, ते मला तुमचं पत्र वाचून कळलं. दिवाळीत नव्या खिडक्या लागल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पूर्वेच्या खोलीत शेगडी पेटवून बसले होते. बाळंतिणीची खोली किती तापते ते बघायचं होतं. हौस. निखाऱ्यावर ओवा टाकला आणि एकटीच मनात पाळणा म्हणत बसले. डोकं जड झालं, वाटलं झोप येते. धनराज लवकर घरी आला म्हणून. त्यानं दार उघडलं तेव्हा मी जमिनीवर होते.

तुम्हाला पित्त लिहिलं, तेव्हा मलाही तसंच वाटलं; शेगडीचा वायू, हे धनराजनं पत्र टाकल्यावर सांगितलं. ते पित्त नव्हतं.

ती झडप त्याचीच. तो म्हणाला होता, "आई, निफाडच्या आईंना सांगतो, बाळंतपणात शेगडी लावतील." मी माझ्या गळ्याची शपथ घातली त्याला. का? कारण तोवर मी तुम्हाला अख्खं आंतर्देशीय भरून खिडकीचं कौतुक लिहिलं होतं. त्याच खिडकीनं मला पाडलं, हे तुम्हाला कळलं तर तुम्ही हसाल, असं वाटलं. मग तुमचं ते पत्र आलं, झरोका बुजवल्याचं, शेगडी घासल्याचं, भोकाला हसल्याचं. चतुराबाई, ते वाचताना मला कळत होतं. मी पेन हातात घेतलं होतं. पण त्याच पत्रात पुढे होतं, योगिनी म्हणाली नाशिकपेक्षा इथे गरम आहे. आणि माझं पेन थांबलं.

"शेगडी जपून" एवढे दोन शब्द लिहिले मी. कुणी म्हटलं तर म्हणायला, की लिहिले होते. त्यांना काय अर्थ? शेगडी जपून तर आपण सगळ्याच म्हणतो, पोराचा हात भाजू नये म्हणून.

नातीच्या ओठांचं तुम्ही लिहिलं नाहीत. मला ते दिसतात.

बारशाला मला बोलावू नका, बोलावलं नाही तर मी समजेन. योगिनीला हे मीच सांगणार आहे.

पुतळाबाई


निफाड
२ फेब्रुवारी

पुतळाबाई विहीणबाईंना,

तुमचं पत्र चुलीत घालणार होते. चुलीपर्यंत नेलं. वाल्मीकला म्हणलं, या बाईचं तोंड मी बघणार नाही. दोन दिवस जेवले नाही. तुमचा राग करत बसले आणि खरं सांगते, राग करताना मला जरा बरं वाटत होतं. कारण तोपर्यंत सगळा दोष एकटीनं उचलला होता, आता अर्धा ठेवायला जागा मिळाली.

तिसऱ्या दिवशी तुमचं पत्र परत काढलं. आणि एक विचार केला. समजा, तुम्ही डिसेंबरात लिहिलं असतं, की चतुराबाई, शेगडी लावू नका, मी पडले होते, झरोका उघडा. मी काय केलं असतं? सिंधुबाईला वाचून दाखवलं असतं. म्हणाले असते, बघा, विहीणबाईला माझी खोली बघवत नाही, म्हणून भीती घालते. आणि दोन निखारे जास्त घातले असते. हे मी देवापुढे लिहिते. तुम्ही सांगितलं नाहीत, हा तुमचा गुन्हा. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, हा माझा. दोघींचा बाजेखाली ठेवला होता आपण, त्या पोरीच्या.

योगिनीला तुम्ही फोनवर सांगितलंत, ते तिनं मला सांगितलं. रडली. मग म्हणाली, "आई, तुम्ही दोघींनी मला एकदा तरी विचारलंत का, मला गरम होतंय का म्हणून?" मी उठून तिच्या अंगावरची गोधडी काढली.

आता बारसं. आठ तारखेला, रविवारी. तुम्ही यायचं आहे. आला नाहीत तर वाल्मीक पिकअप घेऊन येईल आणि द्राक्षाच्या क्रेटमधे बसवून आणेल. तुमच्या लेकीनं, सवितानं, आत्या म्हणून नाव ठेवायचं, नाव तिनं निवडावं, आपण दोघींनी मधे तोंड घालायचं नाही. पाळणा मी म्हणेन. बरं, अर्धा तुम्ही म्हणा. तुमचा त्या दिवशी अर्धाच राहिला होता.

झरोका मी स्वतः उघडला. पुंजाला हात लावू दिला नाही. पहिली वीट काढली तेव्हा पलीकडे चिमणी बसलेली होती, जणू ती दोन महिने रांगेत उभी होती. आता परत काड्या पडतात, पडू देत. फुटलेली काच नवी बसवली, एकच. येताना धनराजला तुमच्याकडे आहे तशी झडप आणायला सांगा. आता मी हसणार नाही. शेगडी सासूच्या नावानं तुळशीपाशी ठेवली आहे, तिच्यात झेंडू लावला.

सव्वा महिना झाला की नात तुमच्याकडे येईल. ठरल्याप्रमाणे. पूर्वेच्या खोलीत ठेवाल, दोन काचांमागे. दुपट्याला काजळाचं बोट लावून देते. नाक तुमचंच राहिलं हो, चोळून काही झालं नाही.

फक्त एक ऐका. ती झडप कायम उघडी ठेवा. थंडी पडली, वारं आलं, शेजारीण काही म्हणाली, तरी. मी केव्हाही येईन, न सांगता येईन आणि आधी वर बघेन. बंद दिसली तर विचारत बसणार नाही. वरवंटा मी जपून ठेवला आहे.

तुमची
चतुराबाई